सातवीच्या मुलांनी स्वतःच्या हातानं करण्यासारखा प्रोजेक्ट सुचवा, रेडीमेड नको (पुणे)

सिंहगडरोडची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन असतं आणि बाईंनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय की चार-चार जणांचा गट करा आणि प्रोजेक्ट ठरवा. मागच्या वर्षीचं प्रदर्शन बघून मला खरंच वाईट वाटलं होतं. पहिला नंबर इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणाऱ्या जेसीबीला, जो सरळसरळ विकत आणलेला होता, आणि ज्या पोरांनी तो मांडला होता त्यांना सिरिंजमध्ये पाणी का भरलंय हेसुद्धा सांगता येईना. माझ्या मुलाच्या गटाने मटकी वेगवेगळ्या मातीत लावून रोज उंची मोजली होती, तक्ता वाकडातिकडा होता, पण सगळं त्यांनी केलेलं, तिथे कुणी थांबलंच नाही. आता तो म्हणतोय आई या वर्षी आपणही तयार आणू. मला ते अजिबात करायचं नाहीये.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. सातवीच्या मुलांना मोठ्यांनी हात न लावता काय जमेल? आणि शाळेत बाईंना हे कसं सांगायचं, म्हणजे त्यांना राग येणार नाही असं? स्पर्धांबद्दलही कुणाला माहिती असेल तर लिहा, नुसतं सर्टिफिकेट मिळणाऱ्या नको.

हवेलीतली_बाई

मी हवेली तालुक्यात शिकवते, सहावी ते आठवी. तुमची मटकी मला फार आवडली, आधी हे सांगते.

सध्या पाऊस सुरू आहे तर पर्जन्यमापक करा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, जिचा मधला भाग सरळ आहे अशी. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून त्याच बाटलीत बसवायचा, झालं नरसाळं. बुडाला खाचा असतात म्हणून तळाशी खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचं, तिथे शून्याची रेघ, तिथून वर मोजपट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायची कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे, आणि मोजून झालं की पाणी परत शून्याच्या रेघेवर आणायचं. बास. खर्च काहीच नाही, आणि कापाकापी सोडली तर मोठ्यांचं कामच नाही.

आमच्याकडे खरी मजा आली ती आकडे जुळेनात तेव्हा. एका गटाचा मापक जांभळाखाली होता, दुसऱ्याचा मैदानात. थोडक्या पावसात जांभळाखालचा आकडा कमी यायचा, पानंच सगळं पिऊन टाकायची, आणि एकदा पाऊस थांबल्यावर मुलांनी पाहिलं तर तिथे अजून टपटप चालूच. त्यावरून इतकं भांडण झालं वर्गात की मी शिकवायचा धडा बाजूला ठेवला. शेवटी मुलांनीच ठरवलं की मापक उघड्यावरच हवा, आणि हा नियम त्यांनी स्वतः वहीत लिहिला. मी सांगितलं असतं तर कुणी लक्षातही ठेवलं नसतं.

मिलिमीटर म्हणजे नक्की किती पाणी हे मुलांना कळत नाही. त्यासाठी दहा बाय दहा सेंटिमीटरचा सपाट बुडाचा डबा घ्या आणि खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण. दहा झाकणं ओतली की डब्यात बरोब्बर एक सेंटिमीटर पाणी चढतं, म्हणजे एक झाकण म्हणजे एक मिलिमीटर. मग पुढचं मुलं आपणहून करतात, एक चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर, शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर धरलं तर १० मिमी पावसात २००० लिटर. आमच्या मुलांनी हा हिशोब घेऊन थेट सरपंचांना गाठलं होतं, टाकी बसवा म्हणून.

तुमच्या गटातली मुलं लांब लांब राहत असतील तर प्रत्येकाच्या घरी एकेक लावा. पुण्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाल तसा पाऊस कमी होत जातो, वारजे आणि हडपसरचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की पोरांना ते स्वतःलाच दिसेल.

बाईंना सांगायचं म्हणाल तर तक्रार करू नका. एवढंच सुचवा की मॉडेलबरोबर नोंदवही मांडायची आणि निम्मे मार्क नोंदवहीला. तारीखवार, खाडाखोड असलेली, मुलाच्या अक्षरातली वही दुकानात मिळत नाही. आम्ही असंच करतो आणि विकतचं आणणं आपोआप कमी झालंय. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्प आणि कृतीला जागा असतेच, त्यामुळे बाईंनाही ते सोपं जातं.

पाषाणकर

बाईंनी इतकं छान लिहिलंय की मी फक्त ठिकाणं सांगतो. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र म्हणजे मुक्तांगण विज्ञान शोधिका. अरविंद गुप्ता सरांनी तिथे अनेक वर्षं टाकाऊतून खेळणी केली, त्यांच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे, मराठीतही आहे. सुरुवात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून करा. काड्यांचा चौकोन केला की तो डुलतो, त्रिकोण केला की हलत नाही, मग मुलं पत्र्याच्या शेडकडे आणि पुलाकडे बघून त्रिकोण शोधायला लागतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या वेळी आयुका लोकांसाठी खुलं असतं, गर्दी असते पण न्याच मुलांना.

मोटर, एलईडी, वायर लागली तर तपकीर गल्लीत जा आणि मुलाला बरोबर न्या, दुकानदाराला त्यालाच विचारू द्या. माझ्या भाच्याने तिथे उभं राहून रेझिस्टर कशाला लागतो हे समजून घेतलंय.

स्पर्धेचं म्हणाल तर इन्स्पायर मानक ही केंद्र सरकारची योजना बघा. सहावीपासून मुलं भाग घेऊ शकतात, शाळेमार्फतच कल्पना ऑनलाइन पाठवायची असते, निवड झाली तर मॉडेल करायला १० हजार रुपये मुलाच्या खात्यात येतात. रोजच्या आयुष्यातली एखादी अडचण सोडवणारी कल्पना मागतात, त्यामुळे ज्वालामुखी तिथे चालत नाही. शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, असेल तर ती सहावीपासूनच्या मुलांसाठी असते, कुलूप लावून ठेवली असेल तर पालकांनी विचारायला हवं. हक्काने विचारा.

नववीची_आई_कोथरूड

होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचा अनुभव सांगते. ती फक्त सहावी आणि नववीला असते त्यामुळे तुमचं यंदा नाही, पण माहिती असू द्या. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, आणि मग कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत.

मुलगी सहावीत असताना तिने सोसायटीतले गळके नळ घेतले होते. घरोघरी जाऊन नळाखाली मापाचं भांडं ठेवायचं आणि घड्याळ लावून थेंब मोजायचे. साधारण २० थेंबांना एक मिली धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. तिचे आकडे मात्र दर नळाला वेगळे येत होते आणि ती रडकुंडीला आलेली, मला फार वाटत होतं की मीच नीट करून द्यावं. मुलाखतीत त्यांनी नेमकं तेच विचारलं, आकडे सारखे का नाहीत? तिने सांगितलं की तोटीचं तोंड जाड-बारीक असतं म्हणून थेंबाचा आकार बदलतो, म्हणून नंतर मी थेंब मोजायचं सोडून थेट पाणीच मोजलं. बाहेर येऊन नाचत होती. पदक मिळालं नाही. सोसायटीने मात्र प्लंबर बोलावून वॉशर बदलून घेतले आणि नोटीस बोर्डावर तिचं नाव लावलं, तो कागद तिने अजून जपून ठेवलाय.

एका गोष्टीत मात्र मला थोडं वेगळं वाटतं. बक्षिसाला कमी लेखू नका हो. मुलांना स्टेजवर नाव पुकारलं जाणं फार मोठं वाटतं. फक्त ते खऱ्या कामाला मिळावं.

शुक्रवार_पेठ

विज्ञानच पाहिजे असं नसेल तर सातवीला इतिहासात मराठेशाही आहे, त्यावरून कात्रजचा नळ करा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त दगडी नळातून शहरात आणलं, पंप नाही काही नाही, निव्वळ उतारावर. आत अडकलेली हवा बाहेर जावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले, त्यातले काही अजून दिसतात, आणि पेठांमधले हौद आहेतच. मुलांनी हौद शोधत हिंडावं, नकाशा काढावा, आजी-आजोबांना विचारावं तिथे पाणी कधीपर्यंत भरत होते. गवंडी लोकांकडे पारदर्शक लेव्हल पाइप असतो, तो घेऊन शाळेच्या आवाराचा उतार मोजता येतो. त्याच पाइपात हवेचा बुडबुडा अडकवून दाखवला की उच्छ्वास कशाला हे पाहणाऱ्याला लगेच पटतं.

सिंहगडरोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. गटाला वाचून दाखवलं, दोघांना हौद पाहिजेत आणि दोघांना पाऊस, आता ते आपसात ठरवतायत. बाईंना नोंदवहीचं बोलले, त्या म्हणाल्या मुख्याध्यापकांना विचारते. एक शंका, आमच्या इथे उघडी जागा फक्त गच्चीच आहे, तिथे चालेल का मापक?

हवेलीतली_बाई

चालेल. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली यांच्यापासून जमेल तितका लांब, कठड्याला चिकटून नको. गच्चीवर वारा फार असतो, चारही बाजूंनी विटा लावा नाहीतर बाटली आडवी होते. आणि वहीत पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायला सांगा, मुलं तो दिवस सोडून देतात.