आफ्रिकेतील सफारी : निघण्याआधी कुणी सांगायला हवे होते असे काय?

केनिया, टांझानिया किंवा दक्षिण आफ्रिकेत सफारी करून आलेल्या सर्वांना विनंती आहे की, कोणकोणते प्राणी दिसले यापेक्षा कोणती गोष्ट आधी ठाऊक असती तर सहल अधिक सुखाची झाली असती, हे येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

आम्ही पाच जण ऑगस्टमध्ये केनियातील मसाई मारा या अभयारण्यात गेलो होतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून तिकडे जाणाऱ्या छोट्या विमानांत बहुधा माणशी १५ किलोच सामान चालते, कॅमेरा आणि हातातली पिशवीही त्याच वजनात धरतात आणि बॅग मऊ कापडी असावी लागते. आमच्या सहल आयोजकाने याविषयी एक अक्षरही सांगितले नव्हते, त्यामुळे वजनकाट्यासमोर बॅगा उघडून अर्धे कपडे नैरोबीतच ठेवावे लागले. दुसरी चूक माझीच. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून मी सगळे सुती कपडे भरले होते. पण मारा महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे, आणि पहाटे सहा वाजता छत उघडलेल्या गाडीत उभे राहिल्यावर बोटे इतकी गारठली की दुर्बिणीचे चाक फिरवता येईना. आईने सवयीने घेतलेली कानटोपी आणि शाल आम्ही आळीपाळीने वापरली. स्वेटर, वाऱ्याला अडवणारे जाकीट आणि माणशी एक दुर्बीण एवढे मात्र अवश्य न्यावे.

कोल्हापूर, पती-पत्नी, केनिया

लशीचे काम शेवटी ठेवू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र जवळ नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमानुसार ते आयुष्यभर चालते. आम्हाला केंद्रात तारीख मिळाली तेव्हा निघायला अकराच दिवस उरले होते. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलणे फार आवश्यक आहे. मलेरियाच्या गोळ्यांचा विषयही त्याच भेटीत काढावा, कारण त्या निघण्याआधी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात.

नाशिक, छायाचित्रणाची आवड, दोन वेळा मारा आणि सेरेंगेटी (टांझानिया)

गाडीत तिवई लावायला जागा नसते. मी जुन्या जीन्सच्या कापडाची चेन लावलेली पिशवी शिवून रिकामीच नेली आणि नैरोबीत तिच्यात तीन किलो तांदूळ भरले. छताच्या कडेवर ती ठेवली की जड लेन्स हलत नाही, आणि निघताना तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात देऊन टाकता येतात. ड्रोन मात्र घरीच ठेवावा. परवानगीशिवाय नेलेला ड्रोन केनियात जप्त होऊ शकतो.

जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप मारा नदी ओलांडतात, पण ते आपल्या वेळापत्रकानुसार ओलांडत नाहीत. आम्ही काठापासून दूर चार तास थांबलो होतो. कळप तीनदा पाण्यापर्यंत आला आणि तीनदा मागे फिरला, आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या उतरणीच्या वाटेवरच काही गाड्या घुसल्या होत्या. गाइडला ‘अजून जवळ घ्या’ असे कधीही म्हणू नये. नियम मोडल्याचा दंड त्याला होतो आणि वाट अडते ती जनावरांची. माराला तीन रात्रींपेक्षा कमी वेळ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नैरोबी, अकरा वर्षे वास्तव्य

आपल्याकडून येणारे पाहुणे चिवडा, लाडू, चपला, सगळे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आणतात. केनियात २०१७ पासून अशा पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिक बाटल्याही नेता येत नाहीत. कापडी पिशव्या, डबे आणि स्टीलची बाटली आणावी. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या असाव्यात, कारण जुन्या छपाईच्या नोटा अनेक ठिकाणी नाकारतात. शाकाहाराची चिंता नको. गुजराती कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्याने वरणभाताची सोय होते, आणि चपाती तर स्वाहिलीतही ‘चपाती’च आहे. कॅम्पमध्ये मात्र दोन दिवस आधी कळवावे.

पुणे, दोन मुलांसह, क्रूगर

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात आम्ही स्वतःच गाडी चालवली. तिथेही वाहने डावीकडून जातात, त्यामुळे अडचण आली नाही. उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणून नकाशावर जवळ दिसणारा मुक्कामही तासन्‌तास लांब असतो, आणि सूर्यास्ताच्या सुमारास फाटक बंद होण्याआधी पोहोचावेच लागते. ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचे नाही, हे मुलांना निघण्याआधीच नीट समजावून सांगावे.

सातारा, टांझानिया

तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात गडद निळा आणि काळा रंग टाळावा. त्सेत्से माश्या या रंगांकडे येतात आणि त्यांचा चावा कापडातूनही लागतो.

ठाणे, आईसह (वय ७४), केनिया

कच्च्या रस्त्यांवरचे हादरे कमरेला फार जाणवतात. आम्ही आईसाठी पुढची जागा मागून घेतली, पाठीमागे उशी दिली आणि दुपारची फेरी रोज अर्धीच केली. रात्री तंबूबाहेर पडायचे असेल तर रखवालदाराला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘अस्करी’ला, बोलवावेच लागते, कारण पाणघोडे अंधारात चरायला येतात, म्हणून आईला जेवणघराजवळचा तंबू मिळावा असे आम्ही आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवले होते. एका सकाळी रेडिओवर बिबट्याची खबर आली आणि सगळ्या गाड्या वळल्या. आई म्हणाली, “इथेच थांबू या.” समोर हत्तीण आपल्या पिलाला पायांखाली घेऊन सोंडेने गवताचा झुबका उपटत होती, तो गुडघ्यावर आपटून त्याची माती झाडत होती आणि मग तोंडात घालत होती. आम्ही चाळीस मिनिटे इंजिन बंद करून बसलो.