वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांची कारकीर्द तोलायची कशी?

आकडेमोड:
वीस बॉक्सरांची एक्सेलमध्ये क्रमवारी लावतोय. सध्याचं सूत्र असं: विजयाची टक्केवारी ४०, नॉकआउटची टक्केवारी २०, किती वजनगटांत विजेतेपद याला २०, विजेतेपद किती वेळा राखलं याला २०. निकाल विचित्र येतोय. रॉकी मार्सियानो (४९-०, म्हणजे ४९ विजय, शून्य पराभव; त्यात ४३ नॉकआउट) आणि फ्लॉइड मेवेदर (५०-०) यादीत वर, आणि शुगर रे रॉबिन्सन १९ पराभवांमुळे पार खाली. मॅनी पॅकियाओचे आठ वजनगट, हेन्री आर्मस्ट्राँगचे तीन, म्हणजे आर्मस्ट्राँग त्याच्या जवळपासही येत नाही. सूत्रात नेमकं कुठे बिघडतंय? आणि १९१०च्या दशकातल्या ‘निकाल नाही’ अशा लढती मोजायच्या कशा?

तिसरा_पंच:
विजयाची टक्केवारी आधी काढून टाका. ती बॉक्सर किती चांगला होता यापेक्षा त्याने कधी थांबायचं ठरवलं हे जास्त सांगते. मार्सियानो १९५६ मध्ये अपराजित असतानाच थांबला. रॉबिन्सन ४४व्या वर्षापर्यंत लढत राहिला.

रॉबिन्सनचे १९ पराभव तारखेनुसार मांडून बघा. १९५२ अखेरच्या पहिल्या निवृत्तीपर्यंत फक्त तीन: १९४३ ला जेक लामोटा, १९५१ ला रँडी टर्पिन, १९५२ ला जोई मॅक्सिम. उरलेले १६ त्याने १९५५ ला पुनरागमन केल्यानंतरचे, आणि त्यातले १० चाळिशी उलटल्यावरचे. त्या पहिल्या तिघांतही लामोटा त्याच्यापेक्षा सुमारे १५ पौंडांनी जड होता, आणि त्याच महिन्यात, तीनच आठवड्यांनी रॉबिन्सनने त्याला हरवलं. टर्पिनला दोन महिन्यांत परतफेड केली. मॅक्सिमची लढत तर वरच्या गटातली, लाइट हेवीवेटची. भयंकर उकाड्यात पंचही मध्येच बदलावा लागला, आणि गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन १३व्या फेरीनंतर उठू शकला नाही. तुमचं सूत्र या १९ पराभवांना एकाच मापाने मोजतंय.

टक्केवारीच्या जागी प्रत्येकाचे सर्वोत्तम दहा विजय घ्या. दर विजयासमोर पाच रकाने: त्या महिन्यातलं प्रतिस्पर्ध्याचं मानांकन, त्याचं वय, त्याच्या आधीच्या तीन लढतींचे निकाल, त्याचा नैसर्गिक वजनगट, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत त्याने काय केलं. मी असे गुण देईन: गटाचा खरा विजेता असेल तर ५, पहिल्या तिनांतला ४, चौथा ते दहावा २, बाकी शून्य. प्रतिस्पर्धी पस्तिशीपुढचा असेल आणि आधीच्या तीनपैकी दोन हरला असेल तर गुण निम्मे. नुसतं वय पाहून मात्र कापू नका. मार्सियानोने १९५५ मध्ये हरवलं तेव्हा आर्ची मूर ३८ वर्षांचा होता, पण लाइट हेवीवेटचा विजेता म्हणून तो पुढेही कित्येक वर्षं टिकला. १९५१ मध्ये मार्सियानोने हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा, आणि त्या लढतीनंतर परत कधी रिंगणात उतरला नाही. वयात एका वर्षाचा फरक, विजयांच्या किमतीत मात्र मोठा.

पराभवांसाठी वेगळा रकाना ठेवा. ऐन भरातले पराभव पूर्ण मोजायचे, पंचविशीच्या आतले आणि पस्तिशीनंतरचे पाव.

सतरा_गट:
वजनगटांबद्दल. आर्मस्ट्राँगच्या वेळी गट होते आठ आणि बहुतेक वेळा गटागणिक विजेता एकच. आज गट सतरा, आणि डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ मिळून चार मोठ्या संघटना. म्हणजे मुख्य पट्टेच (विजेतेपदंच) ६८. ‘अंतरिम’ आणि ‘नियमित’ असे दुय्यम विजेते वेगळेच. तेव्हा पट्टे मोजायच्या आधी सगळ्यांना जुन्या आठ गटांच्या चौकटीत बसवा.

पॅकियाओ: ११२ पौंड म्हणजे फ्लायवेट. १२२ आणि १२६ दोन्ही फेदरवेटमध्ये जातात, १३० आणि १३५ लाइटवेटमध्ये, १४० आणि १४७ वेल्टरवेटमध्ये. १५४ चा पट्टा जुन्या मिडलवेटच्या पोटात जातो, पण १६० च्या विजेत्याला त्याने हरवलेलं नाही, म्हणून अर्धा धरा. आठचे झाले साडेचार. तरीही प्रचंडच. शिवाय त्या आठांपैकी चार मोठ्या संघटनांचे सहाच. १२६ आणि १४० ची मोजणी ‘रिंग’ या बॉक्सिंग मासिकाच्या पट्ट्यावर उभी आहे. अर्थात तिथे त्याने हरवलेले बरेरा आणि हॅटन हे त्या गटांतले खरे अव्वल होते, म्हणून मी ती दोन्ही कमी लेखणार नाही.

मेवेदरचे पाच (१३० ते १५४) याच चाळणीतून अडीच होतात.

आर्मस्ट्राँग: ऑक्टोबर १९३७ ला फेदरवेट, मे १९३८ ला वेल्टरवेट, ऑगस्ट १९३८ ला लाइटवेट. दहा महिन्यांत तीन, आणि तिन्ही एकाच वेळी हातात. वर १९४० मध्ये सेफेरिनो गार्सियाशी मिडलवेटची लढत बरोबरीत. ‘एकाच वेळी’ याला जादा गुण द्यायलाच हवेत.

आजच्यांचं पारडं उगाच हलकं होऊ नये म्हणून उलट बाजूही घ्या. चारही पट्टे एकत्र करणं हे जुन्या एकमेव विजेतेपदाच्या तोडीचं धरा: टेरेन्स क्रॉफर्डने हे १४०, १४७ आणि १६८ अशा तीन गटांत केलं, नाओया इनोउएने ११८ आणि १२२ मध्ये, ओलेक्सांद्र उसिकने क्रूझरवेट आणि हेवीवेटमध्ये. आणखी एक, पूर्वी वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी करून काट्यावर १४७ भरलेला माणूस रिंगणात बराच जड होऊन येतो. वरच्या गटात उडी मारणाऱ्याला आज तो फरकही झेलावा लागतो.

जुनी_रीळ:
फेऱ्यांची संख्या कुणीच काढली नाही. विजेतेपदाच्या लढती पूर्वी १५ फेऱ्यांच्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना जखमी होऊन किम दुक-कू दगावला, त्यानंतर डब्ल्यूबीसीने १२ केल्या आणि बाकीच्या संघटना १९८०च्या दशकात मागोमाग आल्या.

आता १२ चा नियम मागे लावून बघा. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉट १२ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे पुढे होता. मार्सियानोने त्याला १३व्या फेरीत झोपवला. १२ फेऱ्या असत्या तर ४९-० मधलं शून्य तिथेच गेलं असतं. १९४१ मध्ये बिली कॉन १२ फेऱ्यांनंतर दोन पंचांकडे पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. लुईने १३व्या फेरीत संपवला. १९८१ ला टॉमी हर्न्स तिघांकडेही पुढे असताना शुगर रे लेनर्डने १४व्या फेरीत लढत थांबवायला लावली. म्हणून ‘गुणांवर हरला असता’ अशी नोंद करून कुणाचे गुण कापू नका. १५ फेऱ्यांसाठी शक्ती राखून लढणारा माणूस १२ फेऱ्यांत वेगळाच लढला असता.

चित्रफितींबद्दलही सावध राहा. मूकपटांच्या काळातली रीळं हाताने फिरवलेली, सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी. तीच २४ ने चालवली की जॅक जॉन्सन फटकेबाज बाहुलीसारखा दिसतो, आणि लोक म्हणतात तंत्र कच्चं होतं. वेग दुरुस्त केलेली प्रत मिळाली तरच मत बनवा.

मार्सियानोबद्दल मात्र तिसरा_पंच जरा हात राखून बोलतोय असं वाटतं. एझर्ड चार्ल्सला १९५४ मध्ये तो दोनदा भिडला, तेव्हा चार्ल्स ३२-३३ चा होता, म्हातारा नव्हता. ते दोन विजय त्याच्या दहांत वरच हवेत.

आकडेमोड:
चार्ल्सचे विजय वर घेतले. मग लुईने सलग २५ वेळा विजेतेपद राखलं ते बचाव आणि अलीची बंदीमुळे हुकलेली वर्षं?

तिसरा_पंच:
लुईचे २५ पूर्ण धरा, पण प्रत्येक बचाव प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनाने गुणा, नाहीतर १९४१ च्या पूर्वार्धातली दरमहा लढतींची मालिका मॅक्स श्मेलिंगविरुद्धच्या १९३८ च्या विजयाच्या रांगेत बसेल. राज्य किती महिने टिकलं हे मोजत असाल तर मार्च १९४२ ते जून १९४६ वजा करा. सैन्यात असल्यामुळे त्या काळात विजेतेपद पणालाच लागलं नव्हतं.

अलीला मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० बद्दल काहीही देऊ नका. न झालेल्या लढतींचे गुण देण्याचा पायंडा पडला की यादीला शेवटच उरत नाही. १९७४ ला फोरमन, १९६४ ला लिस्टन, फ्रेझरवर दोन विजय एवढं त्याला पुरतं.

हेवीवेटची तुलना आकारावरून करायची नाही हेही ठरवून टाका. मार्सियानो १८५ पौंडांच्या आसपासचा, आजच्या २०० पौंडांच्या क्रूझरवेट मर्यादेतच बसेल. प्रश्न ‘कोण कुणाला मारेल’ हा नसून ‘आपल्या काळात काय मिळवलं’ हा आहे. आणि आकारच सगळं ठरवत असता तर मे २०२४ मध्ये उसिक सुमारे ४० पौंडांनी जड असलेल्या फ्युरीला हरवू शकला नसता.

सतरा_गट:
क्रमवारी तयार झाली की सगळे भारांक २५ टक्क्यांनी वर-खाली करून बघा. ज्यांचे क्रमांक आपसात बदलतात त्यांना एकाच थरात टाका. पहिला आणि दुसरा यांच्यात दशांशाचा फरक असेल तर तो फरक नाहीच.

जुनी_रीळ:
‘निकाल नाही’ लढतींचं. न्यू यॉर्कमध्ये १९११ ते १९१७ आणि इतरही बऱ्याच ठिकाणी गुणांवर निकाल द्यायला कायद्याने बंदी होती. नॉकआउट झाला नाही तर अधिकृत निकालच नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं कोण जिंकला ते लिहायची. पैजाही त्यावरच लागायच्या. तेव्हा दोन रकाने ठेवा: अधिकृत आणि वृत्तपत्री. किमान दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांचं एकमत असेल तर वृत्तपत्री विजयाला अधिकृत विजयाच्या तीन-चतुर्थांश गुण. मतभेद असेल तर बरोबरी धरा. बॉक्सरच्या गावच्या वर्तमानपत्राला एकट्याने मोजू नका.

हे केलं नाही तर हॅरी ग्रेब तुमच्या यादीत येणारच नाही. त्याच्या जवळपास ३०० लढती, एकट्या १९१९ मध्ये ४५, आणि पुढे हेवीवेट विजेता झालेल्या जीन टनीला हरवणारा तो एकमेव माणूस (मे १९२२, १५ फेऱ्या, अधिकृत निकाल). त्याच्या एकाही लढतीची चित्रफीत उरलेली नाही, त्यामुळे कागदच बघावे लागतात.

त्याच रांगेत एक रकाना ‘संधी नाकारली’ असाही ठेवा, गुण न देता, फक्त नोंद म्हणून. हॅरी विल्सला तेव्हाचा हेवीवेट विजेता डेम्प्सीविरुद्ध लढत मिळाली नाही, चार्ली बर्लीला कोणत्याच गटात विजेतेपदाची संधी मिळाली नाही; दोघेही कृष्णवर्णीय. बर्लीने १९४४ मध्ये आर्ची मूरला हरवलं होतं. तो विजय दहा विजयांच्या यादीत पूर्ण गुणांनी मोजा, पट्ट्यांचा रकाना रिकामा राहिला तरी.