पदरी लहान मूल असताना गर्भाशयमुखाचा कर्करोग : मुंबईकरांचे अनुभव

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची माहिती देणारे लेख मराठीत आता बऱ्यापैकी मिळतात. मात्र निदानाचा कागद घेऊन संध्याकाळी घरी गेल्यावर मुलांना काय सांगायचे, अंगावर पिणाऱ्या बाळाचे काय करायचे आणि सासरी या रोगाचे नाव कसे उच्चारायचे, हे त्यांत नसते. म्हणून मुले लहान असताना हे निदान झालेल्या मुंबई परिसरातल्या स्त्रियांना आणि त्यांच्या घरच्यांना लिहिण्याची विनंती केली. कोणाच्या उपचारात बदल सुचवू नये आणि अमुक काढ्याने बरे वाटले असे लिहू नये, एवढ्याच अटी होत्या. मी स्वतः या उपचारांतून गेलेली असल्यामुळे जिथे राहवले नाही, तिथे दोन ओळी जोडल्या आहेत.

लालबाग, निदानाच्या वेळी वय ३३

धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी तांबी बसवली होती. संबंधानंतर रक्त दिसू लागले, तेव्हा घराजवळच्या दवाखान्यात ते तांबीमुळे असावे असे सांगून गोळ्या देण्यात आल्या, आणि पुढे अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास येऊ लागला तरी फक्त गोळ्यांची नावे बदलत राहिली. आतून तपासणी कोणी केली नाही. अखेर दुसरीकडे एका तरुण डॉक्टरबाईंनी तपासले, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि परळला टाटा रुग्णालयात फाईल काढायला सांगितले. तोवर रोग गर्भाशयमुखाच्या शेजारच्या भागात पोहोचला होता. कागदावर ‘स्टेज दोन बी’ असे लिहिले होते.

नात्यातल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न होता, की पिशवी काढून का टाकत नाहीत. तो माझाही होता. या टप्प्यावर शस्त्रक्रियेपेक्षा रेडिएशन आणि त्याच्या जोडीने आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या औषधाची केमो अधिक उपयोगी ठरते, असे डॉक्टरांनी समजावले. याच रुग्णालयात ६३३ स्त्रियांवर केलेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यात आधी केमो देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या गटापेक्षा रेडिएशन व केमो एकत्र दिलेल्या गटात रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण कमी आढळले, हे कळल्यावर मी घरच्यांना ठामपणे सांगू शकले.

बाळ चौदा महिन्यांचे होते. केमोचे औषध दुधात उतरते, त्यामुळे पहिल्या सलाईनच्या आधी त्याला अंगावरून तोडणे भाग होते. इतर घरांत हे हळूहळू, एकेक वेळ कमी करत होते. मला तेवढी सवड नव्हती. दोन खोल्यांच्या घरात तो आणि मी वेगळे झोपणार तरी कुठे? शेजारच्या मावशी रात्री त्याला आपल्याकडे नेत, आणि गॅलरीतून त्याचे रडणे स्पष्ट ऐकू येई. माझी छाती दगडासारखी घट्ट होई, गाऊन भिजे, आणि सासूबाई फ्रीजमधली कोबीची पाने आणून देत. संपूर्ण उपचारात मला सर्वांत जड गेलेला भाग हाच होता. रेडिएशन त्यापुढे सोसण्याजोगे वाटले.

रेडिएशनच्या आधी लघवी करून मग ठरलेले पाणी प्यावे लागते. मूत्राशय भरलेले असले की आतडी वर सरकतात आणि त्यांना किरण कमी लागतात. बाहेरच्या बाकांवर आम्ही सगळ्या जणी बाटल्या घेऊन बसायचो. नेमके तेव्हाच मशीन बंद पडले की कोणाला नीट बसवत नसे आणि उठवतही नसे. अशा वेळी एखादी काही गमतीचे बोलू लागली, तर बाकीच्या हात जोडून तिला गप्प बसवत, कारण हसणे कोणालाच परवडणारे नव्हते. पाणी पिऊन झाल्याशिवाय नंबर लावू नये आणि नंबर कळल्याशिवाय पाणी पिऊ नये, हा गुंता तिथे कोणालाच सुटलेला नाही.

पोटावर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना मार्करच्या खुणा असतात आणि त्या पुसू द्यायच्या नसतात. मोठ्या मुलीने त्या पाहून विचारले, ‘‘आई, तुझ्यावर कोणी रेघोट्या मारल्या?’’ औषध नेमके कुठे द्यायचे ते चुकू नये म्हणून डॉक्टरांनी मारल्या आहेत, असे मी सांगितले. तिच्या बाहुलीच्या पोटावरही लवकरच स्केचपेनची फुली उमटली. मग तिला रोगाचे नावही सांगून टाकले. चाळीत जिन्यावर तो शब्द तिच्या कानावर पडणारच होता; तो आधी माझ्याकडून पडलेला बरा.

पुढे भूल देऊन आतून द्यायचे रेडिएशन झाले. सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवण्यावर डॉक्टरांचा कटाक्ष होता, त्यामुळे जुलाबांनी बेजार असतानाही एकही दिवस चुकवू नका, अशी तंबी रोज मिळत होती. रेडिएशनमुळे बीजकोश थांबले आणि तेहतिसाव्या वर्षी पाळी कायमची गेली. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत.

(एक जोड देते. रेडिएशन चालू असताना आईच्या अंगातून किरण बाहेर पडतील, या भीतीने काही घरांत मुलांना तिच्याजवळ जाऊ देत नाहीत. बाहेरून दिलेले किरण मशीन बंद होताच संपतात. आतून देतानाही किरणोत्सर्गी स्रोत काही मिनिटांसाठी नळीतून आत जातो आणि परत मशीनमध्ये जातो. घरी आलेल्या आईने मुलाला खुशाल कुशीत घ्यावे. अंगात ताकद नसेल तर उचलून कडेवर मात्र घेऊ नये.)

बोरिवली, वय २९

माझा अनुभव छोटा आहे. मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो, म्हणून तपासणीला गेले आणि पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीत, दोष निघाला. त्रास काहीच नव्हता. गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढला. रोग सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल एवढा होता आणि तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, त्यामुळे गर्भाशय राखता आले. पुढच्या गरोदरपणात मूल अपुऱ्या दिवसांचे होण्याचा धोका थोडा वाढतो आणि कदाचित गर्भाशयमुखाला टाका घालावा लागेल, असे सांगितले आहे. ‘‘एक आहे ना, मग कशाला जिवाशी खेळ?’’ असे आई म्हणते. आम्ही अजून ठरवलेले नाही, आणि ते ठरवण्याची घाई इतरांनी करू नये, एवढेच लिहायचे होते.

विरार, पती

पत्नीला लिहिण्याची इच्छा नाही, म्हणून तिला विचारून मी लिहीत आहे. विरारहून प्रभादेवीला उतरून पूल ओलांडून परळला जाणे हा धडधाकट माणसाचाही कस पाहणारा प्रवास आहे. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, हे आम्हाला बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाकडून कळले. तरीही हातपाय शाबूत असलेली तरुण बाई त्या डब्यात चढली की लोक रोखून पाहतात; तिने फाईल पिशवीतून बाहेर, दिसेल अशी धरायची सवय लावून घेतली होती.

मुलीची वेणी घालणे मला येत नव्हते. शाळेच्या नियमाप्रमाणे दोन वेण्या लागत आणि माझी एक वेणी नेहमी कानाच्या वर जाई. पत्नी पलंगावर पडल्या पडल्या मला सूचना देई आणि त्या सूचनांत तिचा जुना करडा आवाज परत आलेला असे, म्हणून मी मुद्दाम चार गोष्टी जास्त विचारत असे. बाकी डबा, दप्तर, गृहपाठ या गोष्टी जमतात. पुरुषांनी त्यांचे कौतुक करून घेऊ नये.

गोरेगाव, वय ३७

भारतीय स्त्रियांत स्तनाच्या खालोखाल हाच कर्करोग आढळतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजात आपल्या देशातल्या नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख २७ हजार होती. असे असूनही माझ्या घरी याला ‘पोटाचा आजार’ म्हणत. कारण उघड आहे. बहुतेक सर्व रुग्णांत या रोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो आणि तो शरीरसंबंधातून येतो, हे जाऊबाईंनी मोबाईलवर वाचले आणि घरात कुजबुज सुरू झाली. कोणी तोंडावर काही बोलले नाही. फक्त माझे टॉवेल वेगळे झाले.

मी नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि त्याच्यासमोरच सगळे विचारले. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतोच, बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो, ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांच्यापैकी काहींना रोग होतो आणि त्यालाही बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. त्यामुळे तो कोणाकडून आणि केव्हा आला हे ठरवता येत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. टॉवेलने तर तो मुळीच पसरला नसता. घरी आल्यावर हेच सगळे माझ्या नवऱ्याने जेवणाच्या वेळी, सर्वांसमोर बोलून दाखवले. ते त्यानेच बोलणे आवश्यक होते, कारण माझ्या तोंडून ते सफाई दिल्यासारखे वाटले असते.

दुसरी गोष्ट कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. रेडिएशननंतर योनिमार्ग आक्रसतो आणि कोरडा पडतो. तो चिकटू नये म्हणून डायलेटर, म्हणजे योनिमार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी, नियमाने वापरावा लागतो. तो न वापरल्यास संबंधच नव्हे, तर पुढच्या तपासण्याही कठीण होतात. मला तो कागदात गुंडाळून देण्यात आला आणि कसा वापरायचा हे घाईघाईने सांगितले गेले. समुपदेशक बाईंकडे पुन्हा जाऊन, दार लावून, सगळे नीट विचारून घ्यावे. लाज तिथे कोणालाही वाटत नाही.

घाटकोपर, सासूबाई

मी आरोग्यसेविका होते. १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये मोठा अभ्यास सुरू केला होता. माझ्यासारख्या, डॉक्टर नसलेल्या बायकांना शिकवून, गर्भाशयमुखाला व्हिनेगरमधले ॲसिटिक ॲसिड लावून पांढरे डाग दिसतात का ते पाहण्याची तपासणी त्यात होती. दोन्ही गट मिळून दीड लाख स्त्रिया होत्या आणि तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. तपासणी साधी होती. बायकांना तिथवर आणणे अवघड होते. ‘‘मला काही होत नाही, मग कशाला?’’ हे वाक्य तेव्हा मी शेकडो दारांत ऐकले आहे.

तो अभ्यास ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांसाठी होता. माझ्या सुनेला रोग निघाला तेव्हा ती ३२ वर्षांची होती. आता ती बरी आहे, पण डावा पाय सुजतो. दोन्ही नातवंडे माझ्याकडे झोपतात. सुनेने आजारपणात लवकर उठून चहा टाकायला जाऊ नये, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशीच अंथरूण घालत होते. या बायका ऐकत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

कुर्ला, वय ३६

माझा रोग दीड वर्षाने परत आला आहे आणि तो फुप्फुसात आहे. बरे होण्यासाठी नव्हे, तर रोखून धरण्यासाठी केमो चालू आहे. वरचे अनुभव वाचून आनंद झाला आणि थोडा रागही आला, दोन्ही लिहिते. मी मुलाच्या नावाच्या खात्याचे नॉमिनेशन, आधार, लसीकरणाचे कार्ड, शाळेच्या पावत्या एका फाईलमध्ये लावल्या आहेत. दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू केल्यावर घरच्यांना वाटले की आता संपलेच. उलट त्या गोळीमुळेच मी त्याच्या पालकसभेला जाऊन बसू शकले. वेदनाशमन विभागात लवकर जावे. तिथे जाणे म्हणजे हार मानणे नव्हे.

(अनेकींनी मुलींना द्यायच्या एचपीव्हीविरोधी लसीबद्दल आणि उपचारांच्या खर्चाबद्दल विचारले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळते. ९ ते १४ वर्षांच्या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि १५ ते २६ वयात तीन डोस असतात. ही लस मुलग्यांनाही देता येते. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासण्या कराव्यात. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी फाईल काढतानाच समाजसेवा विभागात करावी, आणि शिधापत्रिका व आधारची मूळ प्रत बरोबर ठेवावी. बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे विचारावे. अजून ज्यांना लिहायचे आहे, त्यांनी नाव न घालता, फक्त उपनगर आणि वय लिहून पाठवावे.)