घरगुती बनावटीच्या विजेच्या चाकाचे सुटे भाग कुठे मिळतील? (बेअरिंग, पट्टा, पेडल)

मातीकाम_सातारा

गावातल्या फॅब्रिकेटरने बनवलेलं कुंभारकामाचं विजेचं चाक आहे. नाव नाही, नंबर नाही, आणि बनवणाऱ्याचं वर्कशॉप आता बंद झालंय. रचना अशी: अँगलची चौकट, १२ इंची अ‍ॅल्युमिनियमचं व्हीलहेड (माती ठेवायची फिरती तबकडी), उभा शाफ्ट, त्याला वर-खाली दोन बेअरिंग (दोन बोल्टच्या ओतीव घरात), शाफ्टच्या तळाला साधारण ३०० मिमीची गुळगुळीत सपाट पुली, ट्रेडमिलची डीसी मोटर (पाटीवर १८० व्होल्ट), बारीक रेघांचा पट्टा आणि पायाचं पेडल.

तक्रारी तीन. व्हीलहेड दोन्ही हातांनी धरून हलवलं की वरच्या बाजूला खटखट लागते, फिरताना खरखर येते. अडीच-तीन किलोचा गोळा सेंटर करताना (दाबून मधोमध आणताना) मोटर फिरत राहते पण चाक थांबतं. आणि पेडल साधारण अर्ध्यावर आलं की वेग एकदम उडी मारतो.

बेअरिंगच्या घरावर २०५ वाचता आलं म्हणून बाजारातून यूसीएफएल २०५ आणलं, तर ते शाफ्टवर चढतच नाही. शाफ्ट एमरीने घासून बसवू, की लेथवर उतरवून बारीक करून घेऊ? बाकीचे भाग कुठे शोधू?

टर्नर_भोसरी

एमरी अजिबात मारू नका. हाताने घासलेला शाफ्ट गोल राहत नाही, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून डुगडुगतं.

आधी व्हर्निअर लावा. तीन ठिकाणी माप घ्या: व्हीलहेडच्या लगेच खाली, वरच्या बेअरिंगच्या जागी आणि जिथे कधीच काही घासलं नाही अशा मधल्या भागात. मधलं माप २५.४ च्या आसपास आलं तर तुमचा शाफ्ट एक इंची आहे. जुन्या फॅब्रिकेटरांकडे इंची ब्राइट बार सर्रास वापरत. नुसतं २०५ म्हणजे २५ मिमी बोअर (आतलं भोक). तुम्हाला हवंय ते २०५-१६. शेवटचा आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो: १४ म्हणजे सात सूत, १६ म्हणजे पूर्ण इंच. दुकानात "दोनशे पाच, सोळा, इंची बोअर" असं सांगा आणि तिथेच व्हर्निअर लावून बघा.

पूर्ण घरासकट घ्यायची गरज नाही. आतलं बेअरिंग यूसी २०५ असो की यूसी २०५-१६, बाहेरचा व्यास ५२ मिमीच. तुमचं जुनं घर तडकलेलं नसेल तर फक्त आतला गाभा बदला. घराच्या आतल्या कडेला समोरासमोर दोन खाचा दिसतील. बोअरमध्ये हातोडीचा दांडा घालून बेअरिंग काटकोनात आडवं वळवा, ते खाचांतून नाणं निघावं तसं अलगद बाहेर येतं. नवं त्याच वाटेने आत जातं. ठोकाठोकी करावी लागली तर कुठेतरी चुकतंय असं समजा.

लेथवर उतरवण्याबद्दल. बेअरिंग खालून चढतं, त्यामुळे फक्त बेअरिंगची जागा २५ करून भागत नाही, तिथपासून तळापर्यंत सगळा शाफ्ट उतरवावा लागतो. मग तळाची इंची बोअरची पुली ढिली पडते, तिला बुश (आतून बारीक नळी) मारा, की-वे (चावीची खाच) परत जुळवा. एका बेअरिंगसाठी तीन कामं वाढतात. वरच्या बेअरिंगच्या जागी शाफ्ट झिजून २५.२-२५.३ झाला असेल तरच नवा शाफ्ट करा: ईएन-८ पोलाद, इंची बारचाच, म्हणजे पुली आणि व्हीलहेड आहे तसं बसेल.

चिखलपाणी

बेअरिंग बदलायच्या आधी ते का गेलं ते बघा, नाहीतर सहा महिन्यांनी परत हाच प्रश्न विचाराल. वजनाने ते जात नाही. व्हीलहेड आणि दहा किलो माती म्हणजे २०५ च्या दृष्टीने काहीच नाही. ते जातं पाण्याने. व्हीलहेडखालचा चिखल शाफ्टवरून ओघळतो, वरच्या बेअरिंगच्या सीलशी साचतो, वाळतो आणि त्याची पॉलिश पावडर होते. तुमची खटखट वरच आहे, यात नवल नाही.

उपाय सोपा आहे. तीन मिमी जाडीच्या नायट्राइल रबराची ६० मिमी व्यासाची चकती कापा, मध्ये २३-२४ मिमीचं भोक पाडा. ती शाफ्टवर घट्ट बसते आणि बेअरिंगच्या वर बोटभर अंतरावर राहते. शाफ्टबरोबर फिरताना ती पाणी बाजूला फेकते. विकतची हवी असेल तर २५ नंबरची व्ही-रिंग (ओठ असलेलं रबरी सील) मागा, ती एक इंची शाफ्टलाही चालते, पण तिचा ओठ टेकायला खाली सपाट पत्रा लागतो. ओतीव घराच्या खडबडीत तोंडावर तिचा उपयोग नाही.

व्हीलहेडभोवतीच्या पाणी-चिखल झेलणाऱ्या ट्रेच्या मधल्या भोकाची कॉलरही (उभी कड) मोजा. ती दोन इंचांपेक्षा कमी उंच असेल तर भरलेल्या ट्रेतलं पाणी सरळ शाफ्टवर येतं, मग चकती काय करणार. आणि ट्रेचं पाणी काढायची नळी बेअरिंगच्या उलट बाजूला सोडा. हे सांगायला लागू नये, पण नेमकी बेअरिंगवरच सोडलेली नळी अशा चौकटींत पुष्कळदा दिसते.

भट्टीवाले_कोकण

उभ्या शाफ्टला खाली थ्रस्ट बेअरिंग (५११०५) टाकून घ्या ना, वजन त्यावर जाईल, वरच्यांना आराम.

टर्नर_भोसरी

@भट्टीवाले_कोकण, नको. यूसी २०५ च्या आत साध्या ६२०५ बॉल बेअरिंगच्याच जातीच्या गोळ्या आहेत, ते बेअरिंग उभा भारही घेतं, आणि इथला भार नगण्य आहे. थ्रस्ट बेअरिंगला वरखाली चोख काटकोनात बसवलेल्या वॉशर लागतात, अँगलच्या वेल्डिंग केलेल्या चौकटीत ते जमत नाही. शिवाय ५११०५ उघडी असते, सील नाही. चिखल पहिला तिच्यात जाईल. आणि तीही २५ मिमी बोअरचीच.

बसवायचा क्रम मात्र पाळा. घरांचे बोल्ट हाताने अर्धवट आवळा, शाफ्ट हाताने दहा-वीस वेळा फिरवा म्हणजे दोन्ही गाभे आपापला कोन शोधतात, मग बोल्ट, आणि सगळ्यात शेवटी बेअरिंगचे ग्रब स्क्रू (शाफ्टला पकडणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू). आधी ग्रब स्क्रू आवळले तर शाफ्ट ताणाखाली राहतो आणि फिरताना जड लागतो. इंची बेअरिंगचा ग्रब स्क्रू काही वेळा इंची चुडीचा येतो. ३ मिमीची एलन की त्यात सैल वाटली तर जोर लावू नका, १/८ इंची की लागेल, नाहीतर षट्कोनाचा गोल होतो. आणि ग्रब स्क्रूच्या जागी शाफ्टवर उठलेली बारीक भर कानसीने काढल्याशिवाय जुनं बेअरिंग खेचू नका. ती भर बोअर ओरबाडते आणि मग ते निघत नाही.

ग्रीसगन मारलीत तर दोनच दाब. जास्त मारलं तर सील बाहेर येतं.

रेघांचा_पट्टा

पट्ट्याबद्दल. आधी खात्री करा की पट्टाच घसरतोय. मोटरच्या पुलीवरून मोटरच्या शाफ्टच्या टोकापर्यंत आडवी खडूची रेघ ओढा, तशीच खाली मोठ्या पुलीच्या बॉसवरून (मधला जाड भाग) तिच्या शाफ्टवरही. गोळा सेंटर करताना चाक अडवा, मग बंद करून बघा. रेघ तुटलेली दिसली तर पुलीच शाफ्टवर फिरतेय, म्हणजे ग्रब स्क्रू किंवा चावी गेली. रेघ शाबूत असेल तर पट्टा.

हा पट्टा वॉशिंग मशीन आणि ट्रेडमिलमध्ये असतो तो, जे सेक्शनचा. एका रेघेपासून दुसरीपर्यंत २.३४ मिमी. त्याच्या पाठीवर छापलेलं असतं: १२७० जे ६ म्हणजे १२७० मिमी लांब, सहा रेघा. अमेरिकन पद्धतीत तोच ५०० जे ६ (५०.० इंच). छपाई पुसली असेल तर रेघा मोजा आणि लांबी काढा:

लांबी = २ × अंतर + १.५७ × (मोठी + छोटी) + (मोठी − छोटी)² ÷ (४ × अंतर)

मोठी पुली ३००, मोटरची २५, दोन शाफ्टमधलं अंतर ३५० धरलं तर ७०० + ५१० + ५४ = १२६४. म्हणजे १२७० चा पट्टा, बाकीचे सहा मिमी मोटर सरकवून भरून निघतात. तुमची मापं टाकून बघा. मोटरला सरकायला खाच नसेल तर वॉशिंग मशीनचा ताणणारा पट्टा लागेल. त्यावर बहुधा ईएल किंवा ईपीजे असं असतं, आणि साधा पट्टा व ताणणारा पट्टा एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मोठी पुली गुळगुळीत आहे म्हणून घाबरू नका, रेघांचा पट्टा सपाट मोठ्या पुलीवर नीट चालतो, कारण तिथे पकड घ्यायला परिघच मोठा असतो. घसरतो तो छोट्या पुलीवर. तिच्या रेघांत वाळलेली माती भरली असेल, पितळी तारेच्या ब्रशने काढा आणि स्पिरिटने पुसा. रेघांची टोकं चपटी, चकचकीत झाली असतील तर नवा पट्टासुद्धा घसरणार. राळ किंवा पट्ट्याचा स्प्रे मारू नका, तो मातीला चिकटवून धरतो. ताण असा ठेवा की मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सात-आठ मिमी दबेल. त्याहून जास्त ओढलात तर मोटरचं पुढचं बेअरिंग आधी जाईल.

ट्रेडमिलच्या मोटरवरची पुली किंवा फ्लायव्हील बऱ्याचदा उलट्या आट्यांनी बसवलेली असते. ती काढताना नेहमीच्या दिशेने जोर लावत बसू नका. आणि पुन्हा जोडताना मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरेल, पुली आपोआप सैल होत जाईल. वायरींना काढायच्या आधीच टेप लावून खूण करा.

मातीकाम_सातारा

शाफ्ट मधे २५.३८, वरच्या बेअरिंगच्या जागी २५.३६. इंचीच निघाला. खडूची रेघ शाबूत आहे, म्हणजे पट्टाच. पट्टा सहा रेघांचा, छपाई गेलेली, पुल्या ३०० आणि २५, अंतर ३५५.

आता पेडलचं सांगा. आतलं पोटेन्शिओमीटर (पेडलबरोबर फिरून वेग ठरवणारा बदलता रोध) मीच बदलू का? आणि वस्तू कुठे घेऊ?

सर्किट_बुधवारपेठ

तुमच्या मापांनी पट्टा १२७३ येतो, १२७० च घ्या.

पेडलसाठी आधी ही खबरदारी. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या अशा कंट्रोलरची बरीच सर्किटं मुख्य विजेपासून वेगळी केलेली नसतात, म्हणजे पेडलमधल्या बारीक वायरींवरही थेट २३० व्होल्ट असू शकतात. पायाखाली, ओल्या जमिनीवर. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मगच पेडल उघडा. पेडलचं खोकं धातूचं असेल तर त्याला अर्थिंग हवंच, वायर दुहेरी आवरणाची हवी, आणि चाकाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). हे नसेल तर पोटेन्शिओमीटर राहू द्या, आधी हे करा.

तपासणी: पोटेन्शिओमीटरची तीन टोकं कंट्रोलरपासून सोडवा. मल्टिमीटर ओमवर ठेवून बाहेरच्या दोन टोकांमध्ये मोजा, ५ किंवा १० किलोओमच्या जवळ काहीतरी येईल. मग मधलं आणि एक बाहेरचं टोक धरून पेडल सावकाश दाबा. आकडा एकसारखा चढायला हवा. अर्ध्यावर तो उडाला की तिथला कार्बनचा थर झिजला. बहुतेक वेळ पाय त्याच वेगावर असतो, म्हणून नेमकी तीच जागा जाते.

बदली घेताना तोच ओम, आणि 'बी' अक्षराचा: बी १० के. 'ए' अक्षराचा ऑडिओसाठी असतो, त्यात पेडल निम्मं दाबेपर्यंत काही होत नाही आणि पुढे एकदम वेग येतो. दांडा प्लास्टिकचा घ्या.

नवा बसवल्यावर कंट्रोलरवरचे छोटे ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे) बघा. मिनिमम असा ठेवा की पेडल सोडल्यावर चाक पूर्ण थांबेल. मॅक्सिमम २४० आरपीएमच्या आसपास: व्हीलहेडवर टेप लावा, १५ सेकंदांत ६० फेरे मोजा (मोबाइलवर चित्रण करून सावकाश चालवलं तर मोजता येतात). आयआर कॉम्प नावाचा ट्रिमर असेल तर तो थोडाच वाढवा, त्याने दाब दिल्यावर वेग टिकतो. जास्त वाढवलात तर चाक हिसके देत पळतं.

मोटर उघडलीच तर कार्बन ब्रशही बघा. मूळच्या एक तृतीयांशाखाली आले असतील तर जोडीने बदला. नव्या ब्रशला कम्युटेटरची (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याची) गोलाई द्यायची तर काचकागद वापरा, एमरी नाही. एमरीचे कण कम्युटेटरच्या फटीत बसतात.

कुठे: सातारहून पुणं सोयीचं. पोटेन्शिओमीटर, वायर, आरसीसीबी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास. हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीत. जुनी ट्रेडमिल मोटर सुटी हवी असेल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात, पण पाटी वाचता येत नसेल अशी घेऊ नका. मुंबईला जाणं होत असेल तर बेअरिंग आणि पट्टे नागदेवी स्ट्रीटला, इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोडला. पट्टा तर सातारलाच वॉशिंग मशीन दुरुस्तीवाल्याकडे मिळायला हवा, नंबर सांगा, "चाकाचा पट्टा" म्हणू नका.

टर्नर_भोसरी

२५.३६ म्हणजे शाफ्ट चांगला आहे, गाभाच बदला. यूसी २०५-१६, दोन नग. खालचंही बदला, पुन्हा तेवढ्यासाठी सगळं खोलायला नको. आणलेलं २५ मिमीचं उघडलेलं नसेल तर बिलासकट लगेच परत करा. व्हीलहेड उतरवताना कडेला हातोडी मारू नका, अ‍ॅल्युमिनियम वाकतं. शाफ्टच्या टोकाशी गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, मग बॉसखाली लाकडाचा ठोकळा धरून चारही बाजूंनी आळीपाळीने ठोका. बसवताना बोअरमध्ये ग्रीसचा पातळ हात द्या.