एन्क्रिप्शनशिवायची ओळख-व्यवस्थापन प्रणाली: दोष उत्पादनाचा की मांडणीचा?

तटबंदी (चर्चाप्रस्ताव):
कर्मचाऱ्यांची खाती आणि अधिकार सांभाळणाऱ्या कित्येक प्रणाली आजही एलडॅप डिरेक्टरीशी (संस्थेतल्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीशी) ३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात न बदलता, जोडल्या जातात आणि एन्क्रिप्शन चालू करण्याचे काम ग्राहकावर सोडले जाते. 'सिंपल बाइंड'मध्ये, म्हणजे डिरेक्टरीत लॉगिन करण्याच्या साध्या पद्धतीत, नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे तारेवरून जातात. मधल्या वाटेवर वायरशार्क (जाळ्यातली वाहतूक टिपणारे साधन) लावून बसलेल्याला ते वाचायला कसलेही कसब लागत नाही. स्टार्ट-टीएलएसचे, म्हणजे त्याच जोडणीवर टीएलएस एन्क्रिप्शन सुरू करण्याचे, मानक २००० सालापासून उपलब्ध असताना याला 'मांडणीतली चूक' म्हणत ग्राहकाच्या माथी मारणे मला मान्य नाही. हा उत्पादनाचाच दोष आहे.

सर्व्हररूम:
तत्त्व ठीक आहे, पण ही वाहतूक संस्थेच्या आतल्या जाळ्यात असते, आणि त्याच डिरेक्टरीवर टीएलएस न समजणारे जुने स्कॅनरही अवलंबून असतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एलडॅप सायनिंग (संदेश वाटेत बदलला नाही हे दाखवणारी डिजिटल सही) सक्तीचे करण्याचा इरादा जाहीर केला होता. प्रत्यक्षात मार्च २०२० च्या अपडेटमध्ये जादा नोंदी आणि नियंत्रणाचे पर्याय आले, सक्ती आली नाही. टीएलएससाठी सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपून सकाळी सगळ्यांचे लॉगिन अडले, की बोलणी उत्पादकाला नव्हे, आम्हाला खावी लागतात.

तटबंदी:
'आतले जाळे' या शब्दांवर विसंबणे गूगललाही महागात पडले. त्यांच्या डेटा सेंटरांमधल्या खासगी जोडण्यांवर अमेरिकी आणि ब्रिटिश हेरसंस्था कान लावून असल्याचे २०१३ मध्ये अमेरिकी हेरसंस्थेचा माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून उघड झाले. तुमच्या कार्यालयातला एक बाधित लॅपटॉपही पुरेसा आहे.

पॅकेटवाला:
दोघांच्याही बोलण्यात न आलेला मुद्दा मांडतो. सर्व्हरने उघडे बाइंड नाकारायचे ठरवले, तरी नकार मिळेपर्यंत पासवर्ड तारेवरून गेलेला असतो, कारण पहिल्याच बाइंड विनंतीत तो असतो. तसेच स्टार्ट-टीएलएस 'जमल्यास वापरा' असे ठेवले, तर मध्ये बसलेला हल्लेखोर ती विनंती फसवून संभाषण उघडेच चालू ठेवू शकतो. म्हणजे सर्व्हरवर कितीही कडक नियम लावले, तरी पाठवणाऱ्या प्रणालीनेच टीएलएसशिवाय पासवर्ड पाठवायला नकार दिला पाहिजे, आणि ते उत्पादकाच्याच हातात आहे. या बाबतीत मी तटबंदी यांच्या बाजूने आहे.

सर्व्हररूम:
पाठवणाऱ्या बाजूचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र घाईच्या सक्तीचा परिणामही पाहिलेला आहे. जोडणी होत नाही म्हटल्यावर प्रशासक प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकतो, मग एन्क्रिप्शन असते, पण पलीकडे खरा सर्व्हर आहे की तोतया, हे कोणीच पाहत नाही. तपासणी बंद करण्याची ती खूणचौकटही उत्पादकानेच दिलेली असते, हे तटबंदी यांनी आपल्या यादीत जरूर धरावे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीत) मी तरी आधी २८८९ क्रमांकाच्या नोंदी चालू करीन, त्यांत दिसणाऱ्या पत्त्यांवरून उघडे बाइंड करणारी यंत्रे शोधून त्यांची सोय लावीन, आणि मगच सक्ती करीन.