इंग्लंडची ‘नॅशनल लॉटरी’ कशी खेळतात? कोल्हापुरातून तिकीट काढता येतं का?

रंकाळाकाठ:
भाची लेस्टरला शिकायला आहे. तिकडं नॅशनल लॉटरीच्या ‘लोट्टो’ या खेळाचं तिकीट दुकानात मिळतं आणि आकडे आपणच निवडायचे, असं ती सांगते. आपल्या राज्य लॉटरीत तर नंबर छापूनच येतो. मग हा खेळ चालतो कसा? आणि मी इथून पैसे पाठवून तिला तिकीट काढायला सांगितलं तर चालतंय का?

गंगावेसकर:
१ ते ५९ मधले सहा आकडे निवडायचे, एका ओळीला २ पौंड. सोडत बुधवारी आणि शनिवारी. त्या दिवशी विक्री संध्याकाळी साडेसातला बंद. दुकानातल्या स्लिपवर हव्या त्या आकड्यांवर पेनानं रेघ मारायची, दुकानदार ती मशिनमधून घालतो आणि तिकीट छापून येतं. डोकं चालवायचं नसेल तर ‘लकी डिप’ मागायचं, आकडे मशीनच काढतं.

लोक चुकतात ते इथं: स्लिप म्हणजे तिकीट नव्हे. छापून आलेल्या कागदावरचे आकडे आणि सोडतीची तारीख काउंटरवरून हलायच्या आधी बघायची, आणि मागं नाव-पत्ता लिहून सही करायची. बक्षीस मागायला १८० दिवस. वय १८ पूर्ण हवं.

सोडतीत सहा चेंडू निघतात, मग उरलेल्या ५३ मधून सातवा, त्याला बोनस म्हणतात. तो फक्त पाच आकडे जुळलेल्यांच्या कामाचा. आकडे कुठल्या क्रमानं निघाले याला काही महत्त्व नाही.

आकडेमोड:
वर बरोबर सांगितलंय, आता हिशेब बघा. ५९ मधून सहाचे ४,५०,५७,४७४ वेगवेगळे संच होतात आणि जॅकपॉट, म्हणजे सहाही आकडे जुळल्यावरचं बक्षीस, त्यातल्या एकाच संचाला. तीन आकडे जुळायची शक्यता साधारण ९६ त एक, चारची २,१८० त एक, पाच अधिक बोनसची ७५,०९,५७९ त एक. ऑक्टोबर २०१५ पर्यंत आकडे ४९ च होते, तेव्हा संच १,३९,८३,८१६ व्हायचे. आकडे दहाच वाढले, पण जॅकपॉट तिपटीहून अवघड झाला.

मटक्यात जोडीचा भाव आधीच ठरलेला असतो. इथं जॅकपॉट जितक्यांना लागेल तितक्यांत वाटला जातो. त्यामुळं सगळ्यांच्या आवडीचे आकडे घेण्यात तोटा. १४ जानेवारी १९९५ ला ७, १७, २३, ३२, ३८, ४२, ४८ निघाले (यातला एक बोनस होता) आणि जॅकपॉट १३३ जणांत फुटला. एकेकाला साधारण १ लाख २२ हजार पौंड. वाढदिवसाच्या तारखा घेणारे तर ३१ च्या पुढं जातच नाहीत. ३२ ते ५९ घेतल्यानं लागायची शक्यता तसूभरही वाढत नाही, वाटेकरी मात्र कमी होऊ शकतात.

बिंदूचौक:
दुसरा प्रश्न राहिला. पैसे पाठवू नका. लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या २००० च्या नियमांत सरळ मनाई आहे. ऑनलाइनही जमणार नाही, खात्याला तिकडचा पत्ता आणि तिकडचं बँक खातं लागतं. भाचीनं स्वतःच्या पैशानं, स्वतःसाठी काढलं तर तो तिचा प्रश्न.

‘तुम्हाला यूके लॉटरी लागली, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा मेल आला तर ती फसवणूकच. तिकीट काढलंच नाही तर लागणार कुठून? आणि खरी लॉटरी बक्षीस द्यायला फी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

रंकाळाकाठ:
पैसे पाठवत नाही. पण समजा तिला लागली आणि तिनं मामाला थोडे दिले, तर?

बिंदूचौक:
इथंच गोम आहे. तिकडं बक्षिसावर आयकर नाही. आपल्याकडं राज्य लॉटरीत १ लाख लागले तर ३० हजार कापूनच हातात येतात, वर सेस धरून कर ३१,२०० होतो. पण भेटीचा नियम वेगळा. मामानं भाचीला दिलं तर ‘नातेवाईक’ म्हणून करमुक्त. भाचीनं मामाला दिलं तर व्याख्येत बसत नाही. वर्षात अशा भेटी ५० हजारांच्या वर गेल्या की सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतात. मुलीनं आईला दिलेली भेट मात्र करमुक्त, आणि बहिणीनं भावाला दिलेलीही.

रंकाळाकाठ:
म्हणजे ताईशी आत्तापासूनच गोड बोलायला पाहिजे.