समोरच्या बागेला नोटीस आलीय, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

प्रेषक: माई
मंडळी, आमच्या वसाहतीच्या घरमालक असोसिएशनची ती नोटीस शेवटी आलीच. मिल्कवीड, जो-पाय वीड, ब्लॅक-आइड सुझन ही इथली मूळची फुलझाडं सगळी रान म्हणून काढायची आणि तिथे लॉन लावायचं. दहा दिवस दिलेत, त्यातले सहा गेले. आज सकाळी मिल्कवीडवर मोनार्क फुलपाखराच्या अकरा अळ्या मोजल्या, त्या दुसरं काही खातच नाहीत, कुठे टाकू त्यांना? आणि सुझन तर मेरीलँडचं राज्यफूल आहे हो! इथल्याच कोलंबिया गावातल्या त्या जोडप्याच्या असोसिएशनशी झालेल्या भांडणानंतर मेरीलँडमध्ये कायदा झाला ना, त्यात नेमकं काय आहे ते कुणीतरी आज रात्री सांगा.

प्रेषक: नाना
माई, काहीही उपटू नका. हाउस बिल ३२२, १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू. असोसिएशनला लो-इम्पॅक्ट लँडस्केपिंगवर, म्हणजे पाणी वाचवणाऱ्या, पाखरा-किड्यांना आसरा देणाऱ्या बागेवर, अवाजवी बंधनं घालता येत नाहीत. मधमाश्या-फुलपाखरांसाठीची बाग, पावसाचं पाणी मुरवणारी रेन गार्डन हे सगळं त्यात नाव घेऊन आहे, आणि लॉनच लावा असा आग्रह धरणं हे अवाजवी बंधन असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या नोटिशीत नेमकं तेच वाक्य आहे, उत्तरात तेच पकडा. पण दोन अटी आहेत. जागा तुमच्या मालकीची किंवा फक्त तुमच्याच वापराची हवी, आणि बागेची नियमित निगा हवी. निगा तुमची उत्तम आहे, फोटो जोडा. माझी काळजी वेगळी आहे, फूटपाथ आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीत पण तुम्ही मिल्कवीड लावलंय, मीटिंगला आलो तेव्हा बघितलं. ती पट्टी तुमची आहे का?

प्रेषक: माई
माझी नाही तर तिथलं गवत बारा वर्षं आम्ही का कापतोय?

प्रेषक: अण्णा
कापायची जबाबदारी वेगळी आणि मालकी वेगळी. घर घेतलं तेव्हाच्या कागदांत प्लॅटचा, म्हणजे जमिनीच्या हद्दींचा, नकाशा असेल तो काढा, हद्दीची रेघ कुठे संपते बघा. बऱ्याच ठिकाणी ती पट्टी काउंटीच्या राइट-ऑफ-वेमध्ये, म्हणजे रस्त्यासाठी राखलेल्या जागेत, येते. मी हे का सांगतोय, तर आमच्या टाउनहाउसला दारासमोरची सगळी जमीन कॉमन एरिया, म्हणजे सामाईक जागा, निघाली, मी पाच पानी पत्र लिहिलं होतं आणि त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं की जागा तुमची नाही. लावलेली सगळी झाडं गेली. अजून त्या बाजूला बघवत नाही.

प्रेषक: वहिनी
बागेचे विषय बागकाम ग्रुपवर टाकायचे असं जानेवारीत ठरलंय ना? गणपतीची साइन-अप शीट खाली गेली, मोदकांना अजून चारच नावं आहेत. आणि माई, ते पिवळं गोल्डनरॉड तेवढं खरंच काढा, मुलं शिंकून बेजार होतात.

प्रेषक: बापू
वहिनी, शिंका रॅगवीड नावाच्या तणाच्या. दोन्ही एकाच वेळी फुलतात म्हणून आळ गोल्डनरॉडवर येतो. त्याचे पराग जड आणि चिकट असतात, ते किडेच नेतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. ते काढू नये.
माई, मागच्या वर्षी मी दिलं ते स्वॅम्प मिल्कवीड, ते झुबक्यात राहतं. पट्टीतलं कॉमन मिल्कवीड आहे, जमिनीखालून पसरतं, ते माझ्याकडचं नाही. रोपं वाटतो मी, तर पुढच्या वेळी लावण्याआधी मला विचारा. आता अळ्यांसकट फांदी कापा आणि आतल्या स्वॅम्प मिल्कवीडला टेकवून बांधा, अळ्या आपणहून चढतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, रुईच्याच घराण्यातलं आहे. आमच्या गावी शनिवारी मारुतीला वाहायला रुईची पानं काढायचो तेव्हा त्यावर बिबळ्या कडव्याच्या अशाच पट्टेवाल्या अळ्या असायच्या. ते फुलपाखरू मोनार्कचं चुलत भावंड.

प्रेषक: आक्का
घराण्याचं निघालंच आहे तर, गौरीला तेरडा मिळत नाही म्हणून दरवर्षी सगळ्या हळहळतात, ओढ्याकाठी नारिंगी फुलांचं ज्युएलवीड बघा. तेरड्याचंच भावंड, इथलंच मूळचं, बोंडाला बोट लावलं की तस्संच फुटतं. मी गेल्या वर्षी तेच वाहिलं, बघून सासूबाईंना भरून आलं. पण पार्कातलं तोडू नका, माझ्या परसात आहे, या.

प्रेषक: माई
नकाशा सापडला. रेघ फूटपाथच्या अलीकडेच संपते, अण्णा बरोबर होते. पट्टीतलं मी स्वतःच काढते आणि उत्तरात तसं लिहिते, आतल्या बागेचं एक पानही हलणार नाही. नाना, मसुदा रात्री पाठवते, कायद्याचं वाक्य तेवढं तपासून द्या. बापू, उद्या सात वाजता याल का, अळ्या हलवायला दोन हात कमी पडतील. आक्का, गौरीच्या आदल्या दिवशी येते. वहिनी, मोदकांना माझं नाव घाला, एकवीस.